‘नको’चा चौकोन आधी काढा

मागच्या अंकात मी चार ओळींत लिहिलं होतं, की न बोलणाऱ्या किंवा अगदी मोजकं बोलणाऱ्या प्रौढांनाही चित्रांच्या बोर्डावर बोट ठेवून बोलता येतं आणि त्याला वयाची अट नाही. त्यावर एरवीपेक्षा बरीच पत्रं आली. बहुतेक आयांची आणि बहिणींची. त्यातल्या पाचांना इथे उत्तर देते. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : ताई, माझा दादा ३८ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. ‘आई’, ‘जा’, ‘पोए’, ‘गाई’ (म्हणजे गाडी) असे सहा-सात शब्द बोलतो, तेही घरच्यांनाच कळतात. आई आणि तो माझ्याकडेच राहतात. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की डबे तोच खाली नेतो, ओला-सुका कधी चुकत नाही. फिरायला जायचं असलं की आमच्या ह्यांचं हेल्मेट आणून माझ्या मांडीवर ठेवतो. पावसाळ्यात आईचं ऑपरेशन झालं, ती ११ दिवस हॉस्पिटलात होती. तेव्हापासून दादा ओरडतो, कानशिलावर मारून घेतो. एका ठिकाणी आम्हाला चित्रांची कार्डं दिली : हत्ती, सफरचंद, चेंडू, खुर्ची. ‘हत्ती दाखव, चेंडू दाखव’ असं रोज अर्धा तास करायला सांगितलं. चौथ्या दिवशी त्याने सगळी कार्डं गॅलरीतून खाली भिरकावली. या वयात तो शिकेल का? चित्रांची सवय लागून आहेत ते शब्दही जातील का? आणि बोर्ड मराठीत करायचा की हिंदीत? घरात मराठी, बाहेर सगळं हिंदी.
– एक बहीण, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, बोर्डाचं नंतर बघू. आधी दादाला कानाच्या डॉक्टरांकडे न्या. ज्याला ‘दुखतंय’ म्हणता येत नाही तो दुखणाऱ्या जागेवर मारून घेतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की कानशिलाचं नाव निघालं की मला आधी कान आणि दाढ आठवते. डाउन सिंड्रोममध्ये कानाच्या नळ्या अरुंद असतात, मळ घट्ट बसतो, पडद्यामागे पाणी साचतं. ऐकू कमी येणं तर अगदी सर्रास. थायरॉइड तपासून घ्या, डोळेही दाखवा, कारण मोतीबिंदू लवकर येतो. शिवाय या लोकांमध्ये स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर, काहींना चाळिशीतच सुरू होतो. म्हणून आज दादाला काय काय येतं ते एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा. पुढेमागे फरक वाटला तर डॉक्टरांपुढे ठेवायला ती वही हाताशी असेल.

आता, शिकेल का? अहो, तो वाचतोच आहे. बटाट्याची सालं हिरव्या डब्यात आणि कागद निळ्यात टाकतो, म्हणजे एक रंग एका गोष्टीची खूण असतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आणि ते हेल्मेट? ते अख्खं वाक्य आहे : ‘चल, मला गाडीवरून फिरवून आण.’ आमच्या धंद्यात याला वस्तुचिन्ह म्हणतात. बोलण्याची सुरुवात त्याने स्वतःच केलेली आहे, आपल्याला त्यात फक्त शब्द वाढवायचेत.

कार्डं भिरकावली म्हणून त्याला बोलू नका. त्या कार्डांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. ३८ वर्षांच्या माणसाला दिवसातून कितीदा ‘हत्ती’ म्हणायचं असतं?

ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी दिव्यांग प्रौढांना हातकामं देणाऱ्या एका कार्यशाळेत लागले. तिथे २६ वर्षांचा एक जण होता, अजिबात न बोलणारा. रोज ४० मिनिटं मी त्याला कार्डं शिकवायचे. ‘पाणी दाखव.’ तो दाखवायचा. मी ‘शाब्बास’ म्हणायचे आणि कार्ड परत डब्यात ठेवायचे. दोन वर्षांत त्याला ६० कार्डं यायला लागली, माझ्या वहीत ६० बरोबरच्या खुणा. तास संपला की डबा लोखंडी कपाटात आणि कपाटाला कुलूप. मे महिन्यातल्या एका दुपारी तो त्या कपाटाची मूठ धरून हलवायला लागला. मी दोनदा ‘जागेवर बस’ म्हणाले. तिसऱ्यांदा तो आला तो माझ्या कमरेच्या किल्ल्यांवरच त्याने हात घातला. आत काही नाही हे त्याला दाखवावं म्हणून मी रागाने कपाट उघडलं. त्याने दुसऱ्या खणातला डबा ओढला, जमिनीवर उपडा केला, गुडघ्यांवर बसून कार्डं चिवडली आणि एक माझ्या हातात ठेवलं. पाण्याचा पेला. त्या कार्डाचा कोपरा आमच्या दोघांच्या बोटांनी मऊ झाला होता. कोपऱ्यातला माठ सकाळपासून रिकामा होता.

दोन वर्षं मी त्याच्याकडे ‘पाणी’ मागत होते आणि एकदाही त्याला ते दिलं नव्हतं. त्याचे शब्द मी कुलपात ठेवत होते.

म्हणून ताई, पहिली गोष्ट : ‘दाखव’ हा शब्द बंद. दुसरी : बोर्ड दादाच्या हाताला लागेल असाच असायला हवा, झोपतानाही. जेवणाच्या टेबलापाशी एक, टीव्हीजवळ एक आणि बाहेर न्यायला एक दोरीत अडकवलेला. तिन्ही अगदी एकसारखे.

आठवडाभर नुसतं बघा. तो काय ओढतो, काय ढकलतो, कुठे जाऊन उभा राहतो, कशावर हसतो, ते लिहा. त्या यादीतून बोर्ड तयार होईल. ए-४ कागद उभा धरला तर पाच सेंटिमीटरचे २० चौकोन बसतात, सुरुवातीला तेवढे पुष्कळ. ‘आधी दोनच चित्रं देऊ, ती आली की तिसरं’ असं करू नका. दोन चित्रांत माणसाला सांगण्यासारखं काय सापडणार? इंग्रजी बोलण्याच्या अभ्यासांत दिसलंय की रोजच्या बोलण्यातले साधारण ८० टक्के शब्द त्याच त्या दोन-चारशे शब्दांतून येतात, आणि त्यात नामं फार थोडी असतात. आपणही दिवसभर ‘अजून, थांब, दे, जाऊ, झालं, मला, कुठे, बघ’ हेच बोलत असतो. सफरचंद क्वचितच.

पहिला चौकोन ‘नको’चा. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, त्याला ओरडण्याआधी वापरता येईल असा एक शब्द हवा. पण ‘नको’बरोबर ‘नाही’ही हवं, वेगळ्या चौकोनात. तयार बोर्ड बहुतेक इंग्रजीवरून केलेले असतात, त्यात दोन्हींचं काम एकाच चित्रावर भागवतात. मराठीत तसं चालत नाही. दादाला म्हणायचंय ‘आई नाही’ आणि बोर्डावर आहे फक्त ‘नको’, तर ते ‘आई नको’ होईल. ऑपरेशनमधून उठलेल्या माउलीच्या जिवाला ते किती लागेल! तसंच ‘आपण’. ‘तू जा’ वेगळं, ‘मी जातो’ वेगळं आणि ‘आपण जाऊ’ वेगळं. हेल्मेट घेऊन येणाऱ्याला ‘आपण’ हाच शब्द हवा असतो.

बाकी : मी, तू, अजून, दे, जाऊ, थांब, झालं, मदत, दुखतंय, आवडलं, कुठे. मग आईचा फोटो, तुमचा फोटो, गाडी, पोहे. जीरावनाला (पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याला) चौकोन द्या म्हटलं की लोकांना नवल वाटतं, पण इंदुरात पोह्यांवर जीरावन हवं की नको हे रोज सकाळी ठरवावं लागतं, आणि ज्याच्या ताटलीत पोहे आहेत त्यानेच ते ठरवावं. विसावा चौकोन ‘हे इथे नाहीये’ असा. बोर्डावर नसलेलं काही सांगायचं असलं तर तो त्यावर बोट ठेवील आणि तुम्ही शोधायला लागाल.

चित्रं साधी रेघांची चालतील का फोटोच लागतील, हे करून बघा. चमच्याचा फोटो बघून तो चमचा उचलतो, पण रेखाचित्र बघून नाही, तर काही दिवस फोटो. बाहुल्या-फुगेवाली चित्रं नकोत, तो मोठा माणूस आहे. शब्द चित्राच्या वर लिहा, म्हणजे बोट ठेवल्यावर झाकला जात नाही. आणि एकदा लावलेली चित्रं जागेवरून हलवू नका. अंधारात दिव्याचं बटण आपला हात शोधून काढतो ना, तशीच बोर्डावरची जागा बोटाला पाठ होते. नवे शब्द पुढच्या पानावर वाढवा.

शिकवायचं कसं? स्वतः बोलून. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा कुठे ते पहिला शब्द बोलतं. दादाने चित्रांत बोलणारं माणूस आजवर पाहिलेलंच नाही. मग ‘आई, मला अजून पोहे दे’ म्हणताना तुम्ही ‘अजून’वर बोट ठेवा. यजमान निघाले की त्यांनी ‘मी’ आणि ‘जाऊ’वर ठेवावं. वाक्यातल्या एक-दोन शब्दांवर पुरे. त्याने तेच करावं अशी अपेक्षा नको, हात धरून बोट टेकवणं तर अजिबात नको. विचारलंत तर मनात दहापर्यंत मोजा. हे दहा आकडे फार लांब वाटतात, पण उत्तर बऱ्याचदा सातव्या-आठव्याला येतं. पहिलं बोट दोन आठवड्यांनी पडेल किंवा सहा महिन्यांनी. तोवर तुम्ही बोलत राहा.

तो ‘नको’ म्हणाला की त्या शब्दाला मान द्या. रक्तदाबाच्या गोळीसारखं टाळता न येणारं काही असेल तर म्हणा, ‘तुला नको आहे, कळलं मला. घ्यावी तर लागेल. इथे घेतोस की बाल्कनीत बसून?’ आणि अन्न अडवून शिकवू नका. ‘चित्र दाखवल्याशिवाय पोहे नाहीत’ असं सांगणारे भेटतील. मोठ्या माणसाच्या पुढ्यातलं ताट ओढायचं आणि त्याला शिक्षण म्हणायचं, हे मला मान्य नाही.

बोलणं जाईल ही भीती सगळ्यांनाच असते. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली आधीचे अभ्यास एकत्र तपासले. नीट नोंदी असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं, ८९ टक्के जणांचं थोडंफार वाढलंच होतं. दादा ‘पोए’ म्हणाला की ‘बोर्डावर दाखव’ म्हणू नका. तो बोलला, पोहे वाढा.

आणि भाषा. चित्राला भाषा नसते, भाषा बोलणाऱ्याच्या तोंडात असते. घरी तुम्ही मराठीतच बोला. चित्रावर मराठी शब्द, खाली बारीक अक्षरात हिंदी, म्हणजे ऑटोवाल्यालाही वाचता येईल. लिपी एकच असल्याचा आपल्याला केवढा फायदा!

शेवटचं, ते ११ दिवस. मला वाटतं, आई कुठे गेली हे दादाला कुणी सांगितलं नसावं, किंवा घाईत नुसतं तोंडाने सांगितलं असावं. अजूनही सांगता येईल. हॉस्पिटलच्या फाटकाचा फोटो, आईचा खाटेवरचा फोटो असला तर तो, आणि घरात बसलेल्या आईचा. तीन फोटो एका ओळीत लावा, त्याच्या शेजारी बसा आणि ‘आई गेली, आई तिथे होती, आई आली’ असं बोट ठेवत सांगा. रोज मागितलं तर रोज. पुढच्या तपासणीला आई निघेल तेव्हा आदल्या रात्रीच हे चित्र दाखवा.

प्रश्न : मी शहरातल्या एका कार्यशाळेत शिकवते. १४ जण आहेत, वय २१ ते ५२. मी आणि एक मदतनीस बाई. अगरबत्ती पॅक करणं, पणत्या रंगवणं, लिफाफे चिकटवणं ही कामं चालतात. चौघं अजिबात बोलत नाहीत. एकेकाला घेऊन बसायला वेळ नाही. आमचे व्यवस्थापक म्हणतात, चित्रं बालवाडीत शोभतात. काय करू?

उत्तर : तुमचा १४ आकडा वाचून बरं वाटलं. १९७२-७३ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, बॉटलीज पार्क नावाच्या हॉस्पिटलात, मार्गारेट वॉकर या स्पीच थेरपिस्टने बहिरेपण आणि बौद्धिक अक्षमता दोन्ही असलेल्या १४ प्रौढांना हातांच्या खुणा शिकवल्या. वर्षानुवर्षं संस्थेत राहिलेली माणसं होती ती. चौदाही जण शिकले, आणि त्यांचं वागणंही निवळलं. त्यातूनच मकाटन ही पद्धत उभी राहिली, पुढे तिच्यात चित्रचिन्हं आली. तिचा पाया मोठ्या माणसांनी घातला आहे, हे तुमच्या व्यवस्थापकांना जरूर सांगा.

एकेकाला बसवूच नका. भिंतीवर छातीच्या उंचीला एक मोठा बोर्ड लावा आणि दिवसभर तुम्ही, मदतनीस बाई आणि बोलणारे दहा जण, सगळ्यांनी तो वापरायचा. ‘संपलं’, ‘अजून दे’, ‘मदत’, ‘चुकलं’, ‘चहा’, ‘कंटाळा आला’. एक चौकोन नुसता हाक मारायला ठेवा, त्यावर ‘भिया’ लिहा. इंदुरात कुणाचंही लक्ष वेधायला याहून नेमका शब्द नाही, आणि ज्याला हाक मारता येत नाही त्याचं बाकीचं बोलणं ऐकायला कुणी वळतच नाही. चौघं तुमच्यापेक्षा शेजारच्या मित्राकडून लवकर शिकतील.

वेळ काढायचाच असेल तर महिन्यातून एकदा यासाठी काढा. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात ‘टॉकिंग मॅट्स’ नावाची रीत तयार झाली. एक खरखरीत पायपुसणं घ्या. वरच्या कडेला तीन चेहरे लावा : आवडतं, ठीक, आवडत नाही. मग एकेका कामाचं चित्र हातात देऊन विचारा, ‘हे कसं वाटतं?’ चित्राच्या मागे वेल्क्रो लावलं की ते जिथे ठेवावं तिथे राहतं. आमच्याकडे नऊ वर्षं लिफाफे चिकटवणाऱ्या एका बाईंनी लिफाफ्याचं चित्र उचललं, ‘आवडत नाही’च्या खाली ठेवलं आणि वरून तळहाताने दाबून धरलं. मला वाटलं चुकून झालं. दोन दिवसांनी चेहऱ्यांची जागा बदलून पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. ही फेरतपासणी नेहमी करा, काही जण सवयीने उजवीकडेच ठेवतात. मग त्यांना पणत्या दिल्या. नऊ वर्षं त्या कुरकुर न करता लिफाफे चिकटवत होत्या, म्हणून आम्ही समजून चाललो की त्यांना ते आवडतं.

आणि ‘हे काही बोलणं नव्हे’ असं कुणी म्हटलं तर २०१६चा दिव्यांगजन हक्क कायदा दाखवा. त्यात ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच ब्रेल आणि खुणांची भाषा यांच्यासोबत पूरक आणि पर्यायी पद्धती लिहिलेल्या आहेत. चित्रांचा बोर्ड त्यातच येतो.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे, चित्रांचा बोर्ड दोन वर्षांपासून छान वापरते. आता तिच्या शिक्षिका म्हणतात की शरीराचे सगळे अवयव, पाळी वगैरे बोर्डावर घाला. बोर्ड ती सगळीकडे नेते, लग्नकार्यातसुद्धा. मला फार संकोच वाटतो. – एक आई

उत्तर : तुमचा संकोच मला कळतो, पण हे करायलाच हवं, आणि या महिन्यातच. ज्या मुलीकडे त्या जागांची नावं नाहीत, तिला तिथे काही झालं तर सांगता येत नाही. वाईट हेतूचा माणूस नेमकी अशीच मुलगी शोधतो. पाळीच्या दुखण्यापासून लघवीच्या जळजळीपर्यंत साधी दुखणीही या शब्दांवाचून अडतात.

हे पान वेगळं करा, बोर्डाच्या मागे घडी पडेल असं. समोर एक छोटी खूण असू द्या, तिच्यावर बोट ठेवलं की ते पान उघडायचं. म्हणजे लग्नात ते कुणाला दिसणार नाही आणि तिच्यापासून दूरही राहणार नाही. शरीराचं साधं रेखाचित्र, पुढून आणि मागून. घरात जे शब्द वापरता तेच लिहा. ‘दुखतंय’, ‘रक्त’, ‘पॅड’, ‘हात लावला’, ‘भीती वाटली’, ‘कोण’. आणि ‘कोण’च्या उत्तरासाठी तिच्या रोजच्या वावरातल्या सगळ्यांचे फोटो : काका, मामा, शेजारी, रिक्षावाले, शिक्षक, बाबासुद्धा. एकाचाही फोटो ‘तो तर घरचाच’ म्हणून गाळू नका.

आंघोळीच्या, कपडे बदलण्याच्या वेळी सहज बोलत हे शब्द वापरा, म्हणजे तिला कळेल की हे आईजवळ बोलायचे शब्द आहेत. कधी तिने काही दाखवलंच, तर आवाज शांत ठेवा. ‘अमक्याने केलं का?’ असं नाव घेऊन विचारू नका. तिने ज्या क्रमाने बोट ठेवलं तो क्रम तारीख-वेळेसह लिहा आणि तिला पुन्हा पुन्हा विचारून थकवू नका. पुढे हा बोर्ड कोर्टातही तिच्या कामी येतो. २०१३च्या दुरुस्तीपासून पुराव्याच्या कायद्यात स्पष्ट आहे की तोंडाने बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब घेताना दुभाष्याची किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची आणि त्याचं व्हिडिओ चित्रण करायचं. २०२३च्या नव्या कायद्यातही ही तरतूद आहे.

शिक्षिकेला माझा नमस्कार सांगा. योग्य गोष्ट सांगितली त्यांनी.

प्रश्न : पुण्याचा भाचा म्हणतो, कागद सोडा, टॅबलेट घ्या. कोणतं अ‍ॅप घ्यावं?

उत्तर : आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने केलेलं ‘जेलो’ मोफत आहे, मराठीत बोलतं, आधी ते बघा. चेन्नईत तयार झालेलं ‘आवाज’ त्याहून मोठं आहे, पण त्याला पैसे पडतात. कागदाच्या बोर्डासाठी चित्रं हवी असतील तर स्पेनमधल्या आरागॉन सरकारचा ‘आरासाक’ हा संग्रह मोफत आहे, दहा हजारांहून जास्त चित्रं आहेत. मात्र टॅबलेट घेतलात तरी कागद टाकू नका. बॅटरी संपते, उन्हात पडदा दिसत नाही आणि पाहुण्यांची मुलं त्यावर गेम खेळतात, तेव्हा ज्याचा बोर्ड त्याचा आवाज बंद. हा टॅबलेट फक्त त्याचा, हे घरात सगळ्यांना आधी बजावून ठेवा.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. त्याच्या बोर्डावर माझ्या भावाचा फोटो आहे. मामा दर बुधवारी त्याला खजराना गणपतीला न्यायचे. मामा दिवाळीनंतर वारले. आता तो दिवसातून वीस-पंचवीस वेळा मामाच्या फोटोवर बोट ठेवतो आणि माझ्याकडे बघतो. आम्ही ‘मामा गावाला गेलेत’ म्हणतो. मलाही ते बघवत नाही. फोटो काढून टाकू का?

उत्तर : नका काढू, आई. तो विचारतोय. फोटो काढलात तर त्याचा प्रश्न राहील, विचारायची सोय तेवढी जाईल.

‘गावाला गेलेत’ हे आधी थांबवा. गावाला गेलेला माणूस परत येतो, म्हणून तो रोज विचारतो. ‘देवाघरी’ही नको, त्याच्या हिशेबी देवाचं घर खजराना आहे आणि तो तिथे जाऊन मामाला शोधील. ‘वारले’साठी एक चित्र करा. मी विझलेल्या समईचं वापरते. मामांचा हार घातलेला फोटो घरात असेल तर त्याच्यासमोर दोघं बसा. मामाच्या चौकोनावर बोट, मग ‘वारले’वर, मग ‘नाही’वर. म्हणा, ‘मामा वारले. मामा आता येणार नाही.’ तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, आणि रडताना ‘वाईट वाटतं’वर बोट ठेवा. त्याला आत काय होतंय त्याचं चित्र अजून त्याच्याकडे नाही, ते त्याला तुमच्याकडूनच मिळेल. ‘आठवण’ हाही शब्द त्या ओळीत घाला.

तो उद्या पुन्हा विचारेल, परवाही. दर वेळी हेच उत्तर, याच शब्दांत, याच क्रमाने. हळूहळू तो ‘मामा’ नंतर स्वतःच ‘आठवण’वर जाईल, किंवा ‘जाऊ’वर. ‘जाऊ’वर गेला तर तो बुधवारचं विचारत असेल. तेव्हा घरातलं कुणी ना कुणी त्याला खजरान्याला घेऊन जायला मोकळं असू द्या.